रोज एकच फोटो

पुस्तकाचं नाव मी इथं सांगणार नाही. सांगितलं तर हीसुद्धा जाहिरातच होईल, आणि जाहिरातीचा मला आता एवढा वीट आलाय की दुकानाच्या पाटीचा रंग उडाला तरी मी ती परत रंगवलेली नाही. ज्याला यायचं तो येतो.

दुकान लोहाऱ्यात, तहसील कचेरीसमोरच्या ओळीत. झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन आणि डिजिटल. आमच्याकडं फ्लेक्सच्या बॅनरला डिजिटल म्हणतात. पूर्वी चौकात बांबूवर लागायचं ते आता मोबाईलवर फिरतं, एवढाच फरक, करणारा मीच. वाढदिवस असला की मागं फटाके, निवडून आला की गुलाल, आणि माणूस गेला की फोटोला हार, दोन बाजूंना दोन समया, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. घरात कुणी गेलं की लोक आधी पाहुण्यांना फोन करतात आणि मग मला. कधीकधी आधी मलाच.

राहायला आम्ही सास्तूरला, भूकंपानंतर वसलेल्या नव्या गावात. घरात मी, बायको आणि आबा, म्हणजे माझे वडील. आबा वीज बोर्डात वायरमन होते. पंचवीस-तीस गावांत त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा 'वायरमन यांस' असंच लिहून यायचं. डीपी जळाली, तार तुटली, पिठाची गिरणी थांबली, की आबांची सायकल त्या गावाच्या रस्त्याला लागायची. लोक शिव्याही घालायचे आणि भाकरीही बांधून द्यायचे. अर्थात कुठं भाकरी मिळायची आणि कुठं नाही, हे त्यांना गावाची वेस दिसली की कळायचं. आम्ही बौद्ध. जास्त फोड करून सांगायची गरज नाही.

त्यांच्याबरोबर कायम एक माणूस असायचा. तो येरमाळ्याचा, बऱ्यापैकी जमीन असलेल्या शेतकरी घरातला. नोकरी इकडं आणि घरदार तिकडं. आबा त्याला जोडीदार म्हणत आणि तोही आबांना जोडीदारच म्हणे. एकानं खांबावर चढायचं, दुसऱ्यानं शिडी धरायची आणि खालचा फ्यूज खिशात ठेवायचा. वरच्याचा जीव खालच्याच्या खिशात. अशी दोघांची सगळी नोकरी गेली.

दम्यानं आबांना खाटेला बांधलं तेव्हा ते बोलायला लागले. आधी कधी न बोलणारा माणूस. संध्याकाळी मी दुकानातून आलो की ते सुरू करायचे आणि मी मोबाईलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी दुकानात टाईप करायचो. हळूहळू पुस्तकच झालं. दोन प्रकाशकांना पाठवलं. एकानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्यानं दिलं, त्यापेक्षा नसतं दिलं तर बरं झालं असतं. मग म्हटलं, जगाचे बॅनर करतो तर बापाचं पुस्तक करायला काय झालं? अक्षरजुळणी मी केली, मुखपृष्ठ मी केलं, सोलापुरात छापून आणलं. मुखपृष्ठावर आबांचा बोर्डाच्या ओळखपत्रावरचा फोटो, मोठा करून, काळा-पांढरा. त्यांचा धड असा तेवढाच फोटो होता.

त्या पुस्तकात एक प्रकरण चहाचं आहे. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जोडी लागून आठवडाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. एका गावात डीपीचं काम करून दोघं उतरले. ज्यांच्या विहिरीवरच्या मोटारीसाठी ही धावपळ होती त्यांच्या घरून चहा आला. जोडीदाराला कपबशीत. आबांना वळचणीला खोचून ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात. आबांनी तो हातात घेतला. त्यांना सवय होती. जोडीदारानं कपबशी तशीच ओट्यावर ठेवली, "म्या चहा पीत न्हाय," म्हणाला आणि शिडी उचलून चालू लागला. त्यानंतर इतक्या वर्षांत आबांनी त्याला कुठंही चहा पिताना पाहिलं नाही. हॉटेलात नाही, ऑफिसात नाही. आमच्या घरी आला तरी आई विचारायची आणि तो म्हणायचा, मी चहा पीत नाही.

"मंग खरंच पीत नव्हता, का माज्यामुळं सोडला?" हे सांगताना आबा थांबले होते.

"तुम्ही कधी विचारलं नाही?" मी म्हटलं.

"कसं इचारू? माज्यामुळं म्हणला असता तर जन्मभराचा उपकार झाला असता. तसं न्हाय म्हणला असता तर मलाच वाईट वाटलं असतं." मग बराच वेळ दम खाऊन म्हणाले, "आन् आपल्या घरचाबी त्यो कधी प्याला न्हाय. आपल्या घरचा टाळायला ते कारण बरं पडत असंल, असंबी एखाद्या वक्ती मनात यायचं. ज्यानं माजा जीव खिशात ठिवला त्या माणसाबद्दल असं मनात यावं का? पर यायचं."

हे सगळं पुस्तकात जसंच्या तसं आहे. प्रकरण प्रश्नावरच संपतं. पुस्तकाची पहिली प्रत हातात दिली तेव्हा आबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, स्वतःच्या फोटोवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "जोडीदाराला कवा धाडतो?"

त्यांना पुस्तक लोकांनी वाचावं असं फारसं नव्हतंच. एका माणसानं वाचावं आणि सांगावं, एवढंच होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं, आणि आबांना न सांगताही कळलं होतं. म्हणजे वेळ कमी होता.

मी एसटीनं येरमाळ्याला गेलो. जोडीदाराच्या घराला कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, बायको वारल्यावर पोरानं त्यांना पुण्याकडं नेलं. पिंपरी का चिंचवड, कुणाला धड माहीत नव्हतं. पोराचा नंबर म्हणून जो दिला तो बंद. चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेला येतात कधी कधी, असंही म्हणाले. तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. चैत्र लांब होता. एसटीत बसून परत येताना मी ठरवलं की माणूस सापडत नसेल तर पुस्तकच एवढं फिरवायचं की कधी ना कधी त्याच्या पोराच्या नाहीतर सुनेच्या मोबाईलवर जाऊन आदळेल. एवढ्या मोठ्या पुण्यात एक फोटो. अडला हरी म्हणतात तसं माझं झालं, फक्त गाढवाच्या जागी मोबाईल होता.

ऑनलाईन पुस्तक कसं विकायचं हे शिकवणारे लोक पुष्कळ आहेत. पुस्तकं लिहिणाऱ्यांपेक्षा ते जास्त असावेत. त्यातल्या एकाचा मोफत वर्ग मी दुकानात बसून केला. मोफत संपल्यावर पैसे भरायचे होते, तेही भरले. माणूस गोड बोलायचा. "मित्रांनो, तुमचं पुस्तक चांगलं आहे का हा प्रश्नच नाही. ते दिसतंय का, हा प्रश्न आहे. रोज दिसलं पाहिजे. रोज एकच फोटो, एकच रंग, एकच मांडणी. लोकांनी मजकूर न वाचता ओळखलं पाहिजे की हे तुमचं पुस्तक." हे शेवटचं वाक्य मी समोरच्या भिंतीवर लिहून लावलं होतं. अक्षर चांगलं आहे माझं.

पहिल्या दिवशी आबांचा फोटो मध्ये, खाली पिवळ्या पट्टीत 'एका वायरमनची गोष्ट, पुस्तक उपलब्ध' आणि विक्रीच्या साईटची लिंक, असं चित्र करून मी सगळ्या ग्रुपांवर टाकलं. व्यापाऱ्यांचा ग्रुप, सास्तूरचा, पाहुण्यांचा, शाळेच्या सोबत्यांचा, बुद्धविहाराचा, बोर्डातल्या निवृत्तांचा. चहा प्यायला गेलो आणि परत येऊन बघतो तर श्रद्धांजलीची रांग लागलेली. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'वायरमन काकांच्या आत्म्यास शांती लाभो.' 'देवमाणूस गेला.' काळा-पांढरा फोटो, म्हातारा माणूस, आणि पाठवणारा मी. माझ्याकडून तसला फोटो आला की काय लिहायचं असतं हे लोकांच्या बोटांना पाठ होतं. खालची पट्टी वाचायची कुणाला गरज?

संध्याकाळपर्यंत घरी माणसं यायला लागली. डोक्याला रुमाल बांधून, तोंडं पाडून. आबा खाटेवर बसून बशीतून चहा ओढत होते. एक म्हातारी दारातूनच रडत आली आणि आबांना बघून मटकन खाली बसली. आबा त्या दिवशी जेवढे हसले तेवढे नंतर हसले नाहीत. "मेल्यावर कोण कोण येतंय ते जित्तेपणी बघून घेतलं," म्हणाले. "लई माणसं हायत रं आपली. उगंच हिंडलो न्हाय."

मी मात्र भयंकर चिडलो होतो. प्रत्येक ग्रुपवर लिहिलं की वडील हयात आहेत, ही पुस्तकाची जाहिरात आहे, कृपया मजकूर वाचत जा. लोक खजील झाले. माफी मागितली, हात जोडलेली चिन्हं पाठवली. पुस्तक कुणी मागवलं नाही. पण तो फोटो म्हणजे पुस्तक, फोटो दिसला म्हणून घाबरायचं नाही, हे त्या दिवशी सगळ्या तालुक्याला पक्कं कळलं.

मग मी रोज टाकत गेलो. तोच फोटो, तीच पिवळी पट्टी, पट्टीतला मजकूर तेवढा वेगळा. पुस्तकाचं एक ऑनलाईन पान उघडलं आणि तिथून पैसे भरून ती पोस्ट अनोळखी लोकांनाही दाखवली. पुणे, पिंपरी, चिंचवड असं निवडून. खाली जे आलं ते असं: 'वायरमनची भरती कधी आहे?' 'दहावी पास चालेल का?' 'आमच्या डीपीवर तीन दिवसांपासून लाईट नाही, लक्ष द्यावे.' 'ही कुठली ऑफिस आहे, फोन उचलत नाहीत.' मी सुरुवातीला सगळ्यांना समजावून उत्तरं लिहायचो. पुढं पुढं मीही लिहायला लागलो की आपल्या सेक्शन ऑफिसला कळवा.

वर्ग घेणारा मार्गदर्शक म्हणाला, अभिप्राय पाहिजेत, अभिप्रायाशिवाय कुणी विकत घेत नाही. मी पाहुण्यांना हात जोडले. त्यांनी लिहिलं, मनापासून लिहिलं: 'मामा म्हणजे आमच्या घराण्याचा आधार.' 'दाजी पुढील वाटचालीस शुभेच्छा.' पुस्तकाबद्दल एकही अक्षर नाही, कारण पुस्तक कुणी वाचलेलं नव्हतं. चार दिवसांत ते सगळे अभिप्राय त्या विक्रीच्या साईटनं काढून टाकले. पाहुणे रुसले. म्हणाले, आम्ही एवढं चांगलं लिहिलं ते तूच पुसलंस.

तसं फुकट पुस्तक सगळ्यांना हवं होतं. आमच्याकडं पुस्तक म्हणजे सप्रेम भेट. शाल, श्रीफळ आणि पुस्तक. शाल वापरतात, नारळ खातात. मी दिलेलं पुस्तक एका सत्कारात दुसऱ्याला दिलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्या सत्काराचा बॅनरही माझ्याच दुकानातला होता.

आबांनी एक रील पण करावं असं मार्गदर्शकाचं म्हणणं होतं. पुस्तक छातीशी धरून दोन शब्द. मी त्यांना नवा सदरा घातला, उशा लावून बसवलं. त्यांनी पुस्तक धरलं आणि कॅमेऱ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "जोडीदार, वाच बाबा. आन् सांग." पुढं दम लागला. ते मी टाकलं. त्यावर एकानं लिहिलं, ॲक्टिंग चांगली आहे.

रोज संध्याकाळी गाडी लावून मी आत आलो की आबा मान वळवायचे. "वाचलं का रं त्यानं?" मी म्हणायचो, आज इतक्या लोकांनी बघितलं. ते म्हणायचे, "बघितलं ते ऱ्हाऊ दे. वाचलं का?" मी तोंड धुवायला न्हाणीत जायचो आणि नळ मोठा सोडून उभा राहायचो. मला त्या माणसाचा राग यायचा, जो कुठंतरी पिंपरीत निवांत बसला होता. आबांचाही यायचा, इतकी वर्षं शेजारी बसून एक प्रश्न विचारता आला नाही म्हणून. बायको एकदा म्हणाली, तुम्हीच त्याच्या वतीनं खोटं सांगा, माझ्यामुळंच सोडला असं म्हणा, समाधानानं जातील. मी तिच्यावर ओरडलो. आबांना खोटं कळलं नसतं असं नाही. पण कळूनही त्यांनी मान डोलवली असती, आणि ते मला बघवलं नसतं.

आबा फाल्गुनात गेले, सकाळी, उन्हं वर आल्यावर. आदल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं नव्हतं. मी आत आलो, त्यांनी मान वळवली, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि परत भिंतीकडं केली.

बहिणींना आणि जवळच्या दोन-चार जणांना फोन केले. बाकीच्यांना ग्रुपवर कळतंच. आता सगळीकडं तसंच चालतं, निधनाला कोण घरोघर फिरतं? मी घरच्या कॉम्प्युटरवर बसलो. श्रद्धांजलीचं चित्र करायला मला डोळे उघडे ठेवायचीही गरज नसते, इतकी केलीत. हार तयार होता, समया तयार होत्या, फक्त मध्ये फोटो बसवायचा. आबांचा फोटो मी त्या चौकटीत आणला आणि हार त्यांच्या गळ्याशी सरकवला. मला ते बघवेना. जगाच्या बापांना हार घातले, माझ्या बापाला घालता येईना. मी ती फाईल बंद केली. दुसरी फाईल उघडी होती, रोजची. तोच फोटो, तीच पिवळी पट्टी. पट्टीतली पुस्तकाची ओळ पुसून तिथं लिहिलं की आबांचं आज सकाळी निधन झालं, अंत्यविधी दुपारी चारला सास्तूर इथं. खालची लिंक तशीच राहिली. रोजच्यासारखं सगळ्या ग्रुपांवर आणि पुस्तकाच्या पानावर पाठवून दिलं आणि मोबाईल कपाटावर ठेवला.

चार वाजले तेव्हा दारात आमच्या ओळीतली घरं, बहिणी, जावई आणि बुद्धविहारातली मंडळी एवढीच होती. मी म्हणालो, थांबूया, लांबून येणाऱ्यांना वेळ लागतो. लोहाऱ्याच्या रस्त्याकडं बघत बसलो. दिवाळीनंतर त्या खोट्या बातमीला अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आता गाडीचा आवाज आला की दुसऱ्याच कुणाची तरी मोटरसायकल पुढं निघून जायची. आबा म्हणाले होते, लई माणसं हायत आपली. पाच वाजले, साडेपाच वाजले. ऊन उतरायला लागलं तेव्हा थोरला मेहुणा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चला आता." त्रिसरण-पंचशील झालं. खांदेकरी बदलायलासुद्धा माणसं कमी पडत होती.

दुसऱ्या दिवशी मोबाईल खाली काढला. त्या पोस्टखाली अंगठे होते. 'शुभेच्छा.' 'हार्दिक अभिनंदन.' 'एक कॉपी ठेव माझ्यासाठी, सवडीनं नेतो.' व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर ती पोस्टच नव्हती. ॲडमिननं काढून टाकली होती आणि खाली लिहिलं होतं, ग्रुपवर रोज रोज जाहिरात करू नये. भिंतीवर जे लिहून लावलं होतं ते अक्षरशः खरं झालं होतं. लोकांनी मजकूर न वाचता ओळखलं होतं.

आणि ज्या पानावर मी पैसे भरून जाहिरात करायचो तिथून एक सूचना आली होती. ही पोस्ट तुमच्या इतर पोस्टपेक्षा चांगली चालली आहे, आणखी लोकांपर्यंत न्यायची आहे का? तिच्याखाली निळं बटण. मी मोबाईल भिंतीवर फेकला. काच गेली. चालू राहिला, मेला नाही.

नंतर कळेल तसे लोक आले. मान खाली घालून बसायचे आणि प्रत्येक जण एकच सांगायचा, आम्हाला वाटलं पुस्तकाचं आहे. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नव्हतं. मी पुस्तकाची जाहिरात बंद केली, साईटकडं गेलेल्या प्रती सोडून उरलेले गठ्ठे माळ्यावर टाकले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी चित्र केलं नाही. सगळ्यांना फोन केले, एकेकाला, नाव घेऊन.

चैत्रात, येरमाळ्याची यात्रा होऊन गेल्यावर, एका दुपारी दारात रिक्षा थांबली. पांढऱ्या टोपीतला एक उंच म्हातारा काठी टेकत उतरला. काखेत पुस्तक होतं. इतक्या वर्षांनी बघूनही मी ओळखलं, आणि जागचा हललो नाही.

"जोडीदार हाय का घरात?" त्यांनी ओट्यावरूनच विचारलं.

मी पुढं होऊन त्यांना हात दिला, आत आणलं, खुर्चीवर बसवलं. बोलायला तोंड उघडलं तर ते आधीच सुरू झाले होते. "लई हुडकलं न्हवं मला? शेजारच्यांनी सांगितलं तू येऊन गेलता म्हणून. सुनंच्या मोबाईलमंदी ह्याचा फोटो आला, फाल्गुनात. म्या लगेच वळखला. खालचं बारीक मला दिसत न्हाय आन् तिला येळ न्हाय. म्हणलं, ह्या फोटोवालं जे काय आसंल ते मागव. तर हे आलं." त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. पानं दुमडलेली होती, मधल्या पानाला धाग्याची खूण होती. "भिंग धरून वाचलं, पैल्यापासून शेवटापत्तूर. तेवढ्यासाठीच यात्रेला आलो."

फाल्गुनात एकच पोस्ट चांगली चालली होती.

"काका," मी म्हटलं.

"थांब, आधी त्याला सांगू दे. झोपलाय व्हय?" त्यांनी आतल्या खोलीच्या पडद्याकडं तोंड केलं आणि आवाज चढवला, खांबावर चढलेल्या माणसाला खालून सांगायचा तसा. "ऐकतोस का रं? लई चहा पीत हुतो म्या. दिसाला धा-धा कप. घरचे वैतागले हुते. त्या दिवशी त्या वट्ट्यावर सोडला, त्यो सोडलाच. तुला सांगितलं न्हाय. सांगून काय करायचं हुतं? आन् तुज्या घरचा न्हाय प्यालो ते काय टाळलं न्हाय येड्या. एका ठिकाणी न्हाय म्हणलं ते सगळीकडं न्हाय म्हणावं लागतंय, न्हायतर त्याला काय अर्थ? म्हातारपणी असलं लिवून ठिवलंस. आदी इचारायचं हुतंस की."

पडदा पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता. तेवढ्यात बायको आतून आली. कोण आलंय ते तिला कळलं नव्हतं; पाहुणे म्हणून तिनं सवयीनं चहा आणला होता. त्यांनी कपाकडं पाहिलं, आणि हात पुढं करून तो घेतला.

"आज पिणार हाय," ते म्हणाले. "पर एकटा न्हाय पिणार. त्याचाबी आण."

बायको माझ्याकडं बघत उभी राहिली. ते कप हातात धरून पडद्याकडं बघत होते. इतके महिने मी रोज सगळ्या जगाला ओरडून काही ना काही सांगत होतो, आणि समोर बसलेल्या त्या एका माणसाला एक वाक्य सांगायला मला तोंड उघडता येईना. कपातल्या चहावर साय धरली तरी त्यांनी तो ओठाला लावला नाही. ते आबांची वाट बघत होते.